ओळ सुटते तेव्हा

ताई, नमस्कार.

माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे, चौथीत. सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मराठी माध्यमाच्या अनुदानित शाळेत जातो, शाळा अकरा ते पाच. दिवाळीनंतर मानसोपचारतज्ज्ञांनी त्याला एडीएचडी, म्हणजे लक्ष टिकत नाही आणि चंचलपणा आवरत नाही असा त्रास, आहे म्हणून सांगितलं आणि गोळी लिहून दिली. ती अजून आणलेली नाही, कारण घरात एकमत होत नाही. सासूबाई म्हणतात, लाडानं बिघडलाय. मिस्टर म्हणतात, मीपण असाच होतो, होईल आपोआप सरळ.

शाळेत प्रकट वाचनाला उभा राहिला की ओळी गाळतो, शब्द मनानेच ठोकून देतो, मुलं हसतात. बाईंनी दोन वेळा वर्गाबाहेर उभं केलं. घरी मी रोज तासभर शेजारी बसून धडा वाचून घेते. शेवट ठरलेला, मी ओरडते आणि तो रडतो. हाच मुलगा मोबाईलवर दोन तास जागचा हलत नाही, मग लक्ष लागत नाही असं कसं म्हणायचं? कुणी ब्राह्मीचं सिरप सांगतंय, कुणी डोळ्यांवर पट्टी बांधून वाचायला शिकवणारा क्लास. गोळी द्यावी का? आणि शाळेत जाऊन मी नेमकं काय मागू? मुख्याध्यापकांसमोर गेले की मला काही सुचत नाही.

एक आई

नमस्कार.

आधी तो रोजचा एक तास बंद करा. आजपासूनच. त्या तासातली पहिली दहा मिनिटं वाचनाची असतात आणि उरलेली पन्नास भांडणाची, हे तुमच्याच पत्रातून दिसतंय. वाचन सोडायचं नाही, त्या तासाच्या जागी काय करायचं ते पुढे सांगते. पण त्याआधी मोबाईलचं बोलू, कारण घरातलं निम्मं भांडण तिथेच अडलेलं असणार.

या मुलांकडे लक्ष असतं. ते कशावर लावायचं, किती वेळ टिकवायचं आणि नको तिथून कधी काढून घ्यायचं, यावरचा ताबा कच्चा असतो. मोबाईलवरचा गेम क्षणाक्षणाला काहीतरी हातात ठेवतो. आवाज होतो, गुण वाढतात, हरलात तर लगेच दुसरा डाव. लक्ष धरून ठेवायचं काम गेमच करतो, मुलाला काही करावं लागत नाही. धडा वाचताना ते सगळं काम मुलाच्या अंगावर येतं आणि त्याचं फळ दिसायचं तर सहामाहीच्या निकालात. त्यामुळे 'दोन तास मोबाईल बघतो म्हणजे त्याला काही झालेलं नाही' असं कुणी म्हणालं तर ते धरू नका. एडीएचडी असलेल्या किती तरी मुलांच्या आया डॉक्टरांना हेच सांगतात, आणि डॉक्टरांना त्याचं नवल वाटत नाही.

सासूबाईंसाठी एक गोष्ट सांगते, पटली तर सांगा. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेतल्या संशोधकांनी एडीएचडी असलेल्या 223 आणि नसलेल्या 223 मुलांच्या मेंदूचे स्कॅन तपासले. तो अभ्यास 2007 साली प्रसिद्ध झाला. मेंदूच्या वरच्या थराची जाडी वाढत वाढत एका टप्प्याला पोहोचते. इतर मुलांमध्ये हा टप्पा साधारण साडेसातव्या वर्षी आला, एडीएचडी असलेल्या मुलांमध्ये साडेदहाव्या. सगळ्यात जास्त उशीर कपाळामागच्या भागात दिसला, म्हणजे जो भाग आवर घालायचं आणि लक्ष सांभाळायचं काम करतो तिथेच. वाढीचा क्रम दोन्हीकडे तोच होता, फक्त वेळ मागे. तुमचा मुलगा नऊ वर्षांचा आहे. लाडानं हे होत नाही आणि धाकानं जात नाही.

मिस्टरांचं 'मीपण असाच होतो' हे वाक्य मात्र मी गंभीरपणे घेते. एडीएचडीत अनुवंशाचा वाटा मोठा असतो, 70 ते 80 टक्क्यांच्या घरात. यावरून त्यांनाही एडीएचडी आहे असं म्हणता येत नाही, ते ठरवणं डॉक्टरांचं काम. पण त्यांना एकदा निवांत विचारा, 'आपोआप सरळ' होईपर्यंत शाळेची वर्षं कशी गेली? किती छड्या खाल्ल्या, किती विषय सोडून दिले? माझ्या अनुभवात बाप माणसं या प्रश्नाला आधी हसतात आणि मग बोलायला लागतात. तुमच्या बाजूचा सगळ्यात कामाचा माणूस तुम्हाला तिथेच मिळेल.

आता माझ्या दृष्टीनं सगळ्यात महत्त्वाचं, आणि डॉक्टर-शाळा या धावपळीत हमखास राहून जाणारं. ओळ सुटते ती लक्ष सुटतं म्हणून, की अक्षर लागत नाही म्हणून? बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं. मूल अडखळतं, मनाने शब्द ठोकतं, खिडकीबाहेर बघतं. पण उपाय अगदी वेगळे आहेत. एडीएचडी असलेल्या साधारण तीन-चार मुलांमागे एकाला वाचनाची स्वतंत्र अडचण, म्हणजे डिस्लेक्सियाही असतो. अशा मुलाचं लक्ष तुम्ही कितीही सांभाळलंत तरी जोडाक्षर वाचता येणार नाही, कारण ते त्याला अजून बसलेलंच नाही. ते वेगळं शिकवावं लागतं.

घरच्या घरी अंदाज घेता येतो. रविवारी सकाळी, नाश्ता झाल्यावर, तो ताजातवाना असताना दुसरीच्या पुस्तकातला न वाचलेला एक उतारा द्या, दहा-बारा ओळींचा. फोनवर आवाज रेकॉर्ड करा. मध्ये एक शब्द बोलू नका. चुकला तरी गप्प. नंतर तो खेळायला गेला की पुस्तक समोर धरून ते ऐका. पहिल्या तीन-चार ओळी नीट गेल्या आणि पुढे शब्द गळायला लागले, वर बरोबर वाचलेला शब्द खाली चुकला, तर गाडं लक्षाकडे झुकतंय. उलट पहिल्याच ओळीला 'घ' आणि 'ध' किंवा 'भ' आणि 'म' यांत घोटाळा, वेलांटी भलत्याच अक्षराला, 'प्रश्न' नाहीतर 'कर्तव्य' असा शब्द तिसऱ्यांदा समोर आला तरी नव्यानं अडतोय, असं असेल तर अडचण अक्षरओळखीत आहे. मग तसाच दुसरा उतारा तुम्ही स्वतः त्याला वाचून दाखवा आणि प्रश्न विचारा. ऐकून सगळी उत्तरं बिनचूक देत असेल तर त्याला कळतं सगळं, कागदावरून उचलताना त्रास होतोय. हे काही निदान नव्हे. पण हे रेकॉर्डिंग घेऊन तुम्ही डॉक्टरांकडे गेलात तर 'वाचत नाही हो' या एका वाक्यापेक्षा त्यांना पुष्कळ जास्त कळेल.

याच सुमारास डोळे आणि कान तपासून घ्या. रक्तातलं लोहही बघायला सांगा. रात्री तोंड उघडं टाकून घोरतो का, हेही बघा. टॉन्सिल किंवा ॲडिनॉइड (नाकामागची गाठ) वाढलेल्या मुलांची झोप तुटते आणि दिवसभर ती अगदी एडीएचडीसारखीच वागतात. या साध्या गोष्टी एकदा निकालात निघालेल्या बऱ्या.

आता रोजच्या तासाच्या जागी काय, ते सांगते. शाळेतून आल्यावर खाणं, मग किमान अर्धा-पाऊण तास बाहेर खेळ, आणि त्यानंतर सात-आठ मिनिटांचे दोन डाव. मध्ये पाच मिनिटं उठायचं. एवढंच. दोन डावांत मिळून अर्धंच पान झालं तर अर्धं पान झालं. रात्री जेवणानंतर, डोळे मिटत असताना धडा काढायचा नाही.

पान जसं छापलंय तसं त्याच्यासमोर टाकू नका. आपल्या पाठ्यपुस्तकाच्या पानावर चित्रं, चौकटी, खाली शब्दार्थ, बाजूला 'सांगा पाहू' असं बरंच काही असतं, आणि त्याची नजर सगळीकडे एकदम जाते. घरात जुनी लग्नपत्रिका असेल, जाड कागदाची. तिच्यात ओळीच्या लांबीची एक खिडकी कापा. कापताना एक काळजी घ्या. अगदी अक्षराच्या उंचीएवढी खिडकी कापली तर वरचे रफार आणि मात्रा, खालचे उकार झाकले जातात आणि मूल आणखी चुकतं. त्यामुळे उंची थोडी सैल ठेवा, खालच्या ओळीची शिरोरेषा दिसणार नाही इतपतच. ही पत्रिका तो स्वतः एकेक ओळ खाली सरकवत नेतो. हाताला काम मिळतं आणि ओळ सुटत नाही. 'चौथीत गेला तरी बोट ठेवून वाचतो' असं कुणी हिणवलं तर हिणवू दे. बोट ठेवून वाचण्यात काहीही गैर नाही.

दुसरं, प्रश्न आधी आणि वाचन नंतर. आपण नेमकं उलटं करतो. अख्खा धडा वाचायला लावतो आणि मग विचारतो, काय समजलं? चौथीला शिवरायांचा इतिहास आहे, या वयाच्या मुलाला याच्याहून चांगलं काय मिळणार? प्रतापगडाचा प्रसंग काढला की वाचायच्या आधी सांगा, 'खान आपल्या फौजेसह कुठल्या गावी येऊन थांबला होता, ते शोध.' आता त्याला परिच्छेदातून वाई हुडकायची आहे. सापडली की पेन्सिलीनं गोल करायचा, उठायचं, एक चिंचोका वाटीत टाकायचा आणि पुढचा प्रश्न घ्यायचा, भेट कुठे ठरली? वाचायला काहीतरी कारण मिळालं की हा मुलगा तीन ओळी जास्त टिकतो. वाचताना पाय हलत असतील तर हलू द्या. उभं राहून वाचायचं असेल तर उभं राहू द्या. त्याला हलू न देण्यातच आपली निम्मी ताकद जाते, आणि त्याचीही.

एक ओळ तुम्ही, एक ओळ तो, असं आलटून पालटून वाचलंत तर उत्तम. शब्द चुकला तर योग्य शब्द सहज उच्चारा आणि पुढे चला. 'परत वाच' हे दोन शब्द आठवडाभर तोंडातून काढून टाका. आणि 'लक्ष दे'सुद्धा. लक्ष दे म्हटल्यावर नेमकं काय करायचं, हे त्याला कुणी सांगितलेलंच नाही. 'पत्रिका खाली सरकव', 'इथून पूर्णविरामापर्यंत वाच', 'खान कुठे आहे?' या सूचना त्याला पाळता येतात.

चिंचोक्यांचं बक्षीस त्याच संध्याकाळी द्या. दहा चिंचोके झाले की बाबांबरोबर दहा ओव्हर. 'परीक्षेत चांगले मार्क मिळव, सायकल घेऊ' हे या मुलांसाठी फार लांबचं आहे, ते तिथवर बघूच शकत नाहीत. आणि मिळालेला चिंचोका कुठल्याही कारणानं परत काढून घ्यायचा नाही. सकाळी भावंडाशी भांडला म्हणून संध्याकाळचा चिंचोका गेला, असं झालं की सगळा खेळ संपतो.

शाळेबद्दल. मुख्याध्यापकांकडे आधी जाऊच नका. वर्गशिक्षिकेकडे जा, आणि सकाळी फाटकाशी गर्दीत गाठू नका. शाळा सुटल्यावरची दहा मिनिटं आदल्या दिवशी मागून घ्या. बाईंवर मनातून राग असेल, स्वाभाविक आहे, पण त्यांची बाजूही बघा. वर्गात चाळीसेक मुलं, पोषण आहाराच्या नोंदी, दर आठवड्याला ऑनलाइन भरायची कुठली ना कुठली माहिती, त्यात निवडणुकीचं काम. शिवाय केंद्र सरकारच्या 'निपुण भारत' या वाचन-गणिताच्या कार्यक्रमानुसार तिसरी संपताना मुलानं अनोळखी मजकूर मिनिटाला किमान 60 शब्द या वेगानं, समजून वाचायला हवा. तुमचा मुलगा त्या हिशेबात त्यांना मागे दिसतो आणि त्याचा जाब त्यांना वर द्यावा लागतो. या बाईंना तुम्ही दहा मागण्यांची यादी दिलीत तर एकही होणार नाही. तीनच मागा, पैसे न लागणाऱ्या.

पहिली, जागा. सरसकट 'पहिल्या बाकावर बसवा' म्हणू नका, पहिला बाक दाराशी असेल तर कॉरिडॉरमधली सगळी वर्दळ त्याच्या डोळ्यांसमोरून जाते. खिडकी-दारापासून लांब, बाईंचा हात पोहोचेल अशा अंतरावर, शेजारी शांत मूल. एकट्याला वेगळं बसवायचं नाही, ती शिक्षाच होते. बाईंनी जाता जाता बाकावर बोटानं टकटक केली की पत्रिका सरकवायची, एवढी खूण दोघांत ठरू दे. वर्गात नाव घेऊन ओरडण्यापेक्षा हे बाईंनाही सोपं पडतं.

दुसरी, प्रकट वाचन. रांगेनं एकेक परिच्छेद वाचायची पद्धत या मुलांचा जीव घेते. आपला नंबर कधी येणार हे मोजण्यातच मूल गुंतलेलं असतं, आणि आला की पान हरवलेलं असतं. बाईंना विनंती करा की उद्या त्याला कुठला परिच्छेद वाचायला देणार ते आज डायरीत लिहून द्यावं, चार-पाच ओळींचाच. तुम्ही तो घरी पत्रिकेसह दोनदा करून घ्या. दुसऱ्या दिवशी तो उभा राहील तेव्हा मुलांना हसायला कारण मिळणार नाही. बाकी दिवशी त्याला नाही उठवलं तरी चालेल. ही एक गोष्ट जरी झाली तरी माझ्या मते तुमच्या शाळेच्या भेटीचं सार्थक झालं. हसू होण्याची भीती वाचनाला जितकी मारते तितकं दुसरं काही मारत नाही.

तिसरी, डायरीतल्या दोन चौकटी. दुपारच्या सुट्टीआधी एक, नंतर एक. 'दिलेलं वाचन सुरू केलं' एवढंच त्या चौकटीत बघायचं, 'वर्तन चांगलं' असलं मोघम काही नाही. झालं तर बाईंनी बरोबरची खूण करायची, नाही झालं तर चौकट रिकामी सोडायची. लाल फुली नको, शेरा नको. घरी त्या खुणांचे चिंचोके. पहिल्या आठवड्यात त्याला जमेल एवढंच ठेवा, म्हणजे सुरुवातीलाच खुणा मिळतील. हे फार मामुली वाटेल, पण शाळेतलं वागणं आणि घरचं बक्षीस रोजच्या रोज जोडणं हा एडीएचडीत चांगला तपासलेला उपाय आहे.

बाई मोकळ्या वाटल्या तर आणखी एक विचारा. आकारिक मूल्यमापनात, म्हणजे वर्षभर चालणाऱ्या मूल्यमापनात, तोंडी काम, प्रात्यक्षिक, प्रकल्प अशी साधनं आहेतच. परिसर अभ्यासाचं जे त्याला येतं ते तोंडी विचारून नोंदवता येईल का? यासाठी बाईंना कुणाची परवानगी लागत नाही आणि मुलाचं खरं ज्ञान कागदावर येतं. फळ्यावरून उतरवून घ्यायचं काम निम्मं केलं तरी बरंच हलकं होईल.

वर्गाबाहेर उभं करण्याबद्दल. शिक्षण हक्क कायदा 2009 च्या कलम 17 नुसार मुलाला शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास दोन्हींना बंदी आहे. हे कलम तुम्हाला ठाऊक असू दे, पण पहिल्या भेटीत काढू नका. 'बाहेर उभा राहिला की त्याचा धडा बुडतो आणि रात्री झोपताना तो तेच बोलतो' असं त्याच्या बाजूनं सांगा. बहुतेक शिक्षकांना एवढं पुरतं. त्यानंतरही झालं, तर मुख्याध्यापकांकडे लेखी अर्ज द्या, पोच घ्या. लेखी दिलं की समोर काही सुचत नाही ही अडचणही राहत नाही.

गोळीचं. औषधाचं नाव तुम्ही लिहिलेलं नाही, बहुतेक मेथिलफेनिडेट असावं. द्यावी की नाही हे मी सांगणार नाही, मी डॉक्टर नाही. पण निर्णय सासूबाई आणि शेजारणी यांच्या मतांवर होऊ नये असं मला वाटतं. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं 2019 साली ज्या मार्गदर्शक सूचना दिल्या त्यांत सहा वर्षांपुढच्या मुलांसाठी औषध आणि आईवडील-शाळा यांनी वागण्यावर करायचं काम, दोन्ही बरोबर करायला सांगितलंय. एकाऐवजी दुसरं असं नाही. गोळीमुळे भूक कमी होणं आणि झोप उशिरा लागणं हे त्रास पुष्कळ मुलांना होतात, म्हणून डॉक्टर दर भेटीला वजन, उंची, नाडी, रक्तदाब बघतात. ते बघत नसतील तर बघायला सांगा. गोळी चालू केलीत आणि डबा तसाच परत यायला लागला तर घाबरू नका, पण सकाळचं जेवण गोळीच्या आधी आणि रात्रीचं पोटभर, असं बसवून घ्या.

एक गोष्ट डॉक्टरांना आवर्जून सांगा, तुमची शाळा अकरा ते पाच आहे. साध्या गोळीचा असर तीन-चार तासच टिकतो. मोठ्या शहरांत सकाळच्या शाळा असतात, तिथे सात-आठला घेतलेली गोळी शाळेचा बराचसा वेळ पुरते. तुमच्याकडे आठला दिली तर मराठीचा तास येईपर्यंत ती उतरायला लागलेली असेल. वेळ कोणती, साधी गोळी की जास्त तास चालणारी, हे डॉक्टरच ठरवतील, पण शाळेची वेळ त्यांना माहीत असली तरच. हे औषध प्रत्येक मेडिकलमध्ये मिळत नाही आणि चिठ्ठीशिवाय मिळत नाही, तेव्हा संपायच्या आठवडाभर आधी सोय करा. आणि पुन्हा सांगते, गोळीनं मूल बसतं, लक्ष टिकतं. जोडाक्षरं गोळी शिकवत नाही. रेकॉर्डिंगमध्ये अक्षरओळखीची अडचण दिसली असेल तर तो अभ्यास वेगळा करावाच लागेल.

ब्राह्मीचं सिरप या औषधाची जागा घेईल असा भरवशाचा पुरावा नाही. द्यायचंच असेल तर निदान डॉक्टरांना सांगून द्या. साखर बंद करा असंही कुणी सांगेल, पण साखरेनं मुलं चंचल होतात हे नीट घेतलेल्या चाचण्यांत टिकलेलं नाही. आणि तो डोळ्यांवर पट्टीचा क्लास! नाकाच्या बाजूच्या फटीतून खाली बघून वाचतात ती मुलं. तुमच्या मुलाला डोळे उघडे ठेवून वाचायला त्रास होतोय, त्याला फटीतून वाचायला कशाला शिकवायचं? ते हजारो रुपये राखून ठेवा, सांगलीला जायच्या-यायच्या भाड्याला कामी येतील.

कुठे जायचं, तेही सांगते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत वर्षातून एकदा तपासणीला येतं. मोठा फलक लावून येत नाहीत, त्यामुळे पालकांना बहुतेक वेळा पत्ताच नसतो. 18 वर्षांपर्यंतच्या मुलांच्या ज्या तक्रारी त्यांनी बघायच्या असतात त्यांत एडीएचडी आणि अध्ययनातल्या अडचणी दोन्ही आहेत, आणि पुढे पाठवायचं ठिकाण म्हणजे जिल्हा पातळीवरचं शीघ्र हस्तक्षेप केंद्र, जिथे मुलांच्या वाढीतल्या अडचणी तपासतात. बाईंना विचारा, यंदाचं पथक येऊन गेलं का. गेलं असेल तर सरकारी रुग्णालयात थेट चौकशी करा. तसंच 'समग्र शिक्षा' या सरकारी योजनेखाली तालुक्याच्या गट साधन केंद्रात समावेशित शिक्षणाचे विशेष शिक्षक असतात. बाईंमार्फत त्यांना एकदा वर्गात बोलवून घेता आलं तर बघा. बाईंना 'हे कसं करायचं' हे आईनं सांगण्यापेक्षा शिक्षकानं सांगितलेलं जास्त रुचतं, हा मनुष्यस्वभाव आहे.

प्रमाणपत्राबाबत खूप गोंधळ असतो. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत विशिष्ट अध्ययन अक्षमता (डिस्लेक्सिया यातच येतो) आहे, एडीएचडी स्वतंत्रपणे नाही. म्हणजे नुसत्या एडीएचडीच्या चिठ्ठीवर पुढे दहावीच्या परीक्षेत तासाला 20 मिनिटांचा जादा वेळ मिळेल असं धरून चालू नका. वाचन-लेखनाची अडचण तपासणीत निघाली तर मात्र त्या सवलती लागू होतात. ही तपासणी आठ वर्षं पूर्ण झाल्यावर करतात, म्हणजे तुमचा मुलगा त्या वयात आला आहे. अडचण निघालीच नाही तर फारच छान, पण दहावीच्या वर्षी धावाधाव करण्यापेक्षा आत्ता कळलेलं बरं.

आणि एक तारीख आत्ताच डोक्यात ठेवा, पुढचा जून. तुमच्याकडे चौथीनंतर पाचवीला बहुधा हायस्कूल. तिथे दर तासाला वेगळे सर, वेगळ्या बाई. चौथीच्या एका बाईंना समजावून जे जुळवून आणलं असेल ते पहिल्याच आठवड्यात विस्कटतं, कारण नव्या सात जणांना त्यातलं काही माहीतच नसतं. म्हणून एप्रिलमध्ये, निकालाच्या आधी, बाईंकडूनच एक पान लिहून घ्या. कुठे बसवलं की चालतं, टकटकीची खूण, वाचायचा परिच्छेद आदल्या दिवशी सांगणं, काय केलं की बिनसतं. खाली बाईंची सही. डॉक्टरांची चिठ्ठी वेगळी, हे पान वेगळं. एका शिक्षिकेनं दुसऱ्या शिक्षकांना लिहिलेलं असलं की ते वाचलं जातं. शाळा सुरू व्हायच्या आधी नव्या वर्गशिक्षकांना भेटून ते द्या आणि त्याच्या झेरॉक्स प्रती काढून ठेवा, सात-आठ तरी लागतील.